पंचवीस पिल्लांतले कोंबडे

पिल्लू तळहातावर घेऊन ‘हा नर की मादी?’ असे विचारले, तर विकणारा बहुधा ठाम उत्तर देतो. त्या उत्तरावर विसंबू नये. एक दिवसाच्या देशी किंवा सुधारित गावठी पिल्लाकडे नुसते पाहून नर-मादी सांगता येत नाही. अंड्यांच्या मोठ्या धंद्यात पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे करतात, पण त्याच्या रीती निराळ्या आहेत. काही खास जातींत पंखांच्या पिसांची लांबी पाहतात, काहींत पिल्लाचा रंग पाहतात. गुदद्वार तपासून ओळखण्याची पद्धत १९२०च्या दशकात जपानात विकसित झाली, आणि ती हातात बसायला दीर्घ सराव लागतो. हौशी माणसाने ती घरी करून पाहू नये. दाब जरा जास्त पडला तरी कोवळे पिल्लू दगावते. नंदुरबारच्या आठवडी बाजारात किंवा पाड्यावर येणाऱ्या गाडीवर मिळतात ती न निवडलेली, मिश्र पिल्ले. त्यांत साधारण निम्मे नर असतात.

‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. शंभर पिल्लांत प्रमाण निम्म्याच्या आसपास राहते, पण दहा पिल्ले घेतली तर नशिबाचा भाग मोठा होतो. हिशेब केला तर असे दिसते की दहा-दहा पिल्लांच्या सहा गटांपैकी एका गटात सात किंवा त्याहून जास्त नर निघू शकतात. तेव्हा दहातले सात कोंबडे निघाले म्हणजे विक्रेत्याने फसवलेच असे नाही. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते ही समजूत सगळीकडे ऐकू येते, तिलाही आधार नाही. पक्ष्यांत पिल्लाचे लिंग मादीकडून ठरते, आणि ते अंड्याच्या आकारावरून कळत नाही.

विक्रेता जेव्हा खरोखर निवडलेली पिल्ले विकत असतो, तेव्हा तर अधिकच सावध राहावे. बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी रंगवलेली पिल्ले दिसतात. ती बहुतेक अंड्यांच्या जातींतले नर असतात. उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो म्हणून ती स्वस्तात बाहेर पडतात. मुले हट्ट धरतात, घरचे दोन-चार घेऊन देतात, आणि उबेअभावी बरीचशी आठवड्याच्या आत मरतात. जगली तर ती बहुधा कोंबडेच होतात, आणि तेही हाडकुळे. अंड्यांसाठी पाळायचे असेल तर ही पिल्ले घेऊ नयेत, आणि मुलांच्या खेळण्यासाठी तर मुळीच घेऊ नयेत.

जातींचीही मिसळ असते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराजा, घरोघरची साधी देशी आणि कडकनाथ या जाती एकाच डालग्यात दिसू शकतात. कडकनाथ या भागाला परका नाही. त्याचे मूळ घर मध्य प्रदेशातले झाबुआ आणि अलीराजपूर, म्हणजे धडगावकडून नर्मदा ओलांडली की पलीकडचा मुलूख. कडकनाथाच्या मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्याचे नाव दूरवर गेले. एकत्र वाढवताना अडचण येते ती वाढीच्या वेगाची. वनराजाचे पिल्लू सहा आठवड्यांत पाऊण किलोच्या जवळ जाते. त्याच वयाचे कडकनाथ किंवा देशी पिल्लू त्याच्यापुढे लहानच असते. दाण्याच्या भांड्यावर मोठी पिल्ले लहानांना ढकलतात. भांडी दोन ठेवली, एकमेकांपासून लांब ठेवली, तर निम्मी भांडणे मिटतात. फारच लहान राहिलेली पिल्ले तीन-चार आठवडे वेगळ्या खुराड्यात वाढवावीत.

पहिला महिना मात्र नर-मादी हा प्रश्नच नसतो. पिल्लू जगवणे हाच प्रश्न असतो, आणि नवखा माणूस इथेच सर्वांत जास्त पिल्ले गमावतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, नंतर दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यायची. थर्मामीटर नसला तरी चालते, कारण पिल्ले स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गठ्ठा केला असेल आणि चिवचिव थांबत नसेल तर ती गारठली आहेत. कडेला जाऊन पंख पसरून धापा टाकत असतील तर बल्ब वर उचलावा. सगळीकडे सारखी विखुरलेली, काही झोपलेली, काही खाणारी दिसली की ऊब बरोबर आहे. घेर गोल करावा, पत्र्याचा किंवा पुठ्ठ्याचा. चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले दाटीने घुसतात आणि खालची गुदमरतात. तळाला भाताचा कोरडा तूस घालावा. नुसता वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घातला तर पिल्लांचे पाय घसरून फाकतात, आणि फाकलेले पाय नीट होणे कठीण.

नंदुरबारचे हवामान दोन टोकांचे. एप्रिल-मे महिन्यांत सपाटीवरच्या शहादा-तळोद्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे दिवसा बल्ब लावणे म्हणजे पिल्ले भाजणे, तो फक्त रात्री आणि तोही गरज पाहून लावावा. उलट अक्कलकुवा तालुक्यात डाबसारख्या उंचावरच्या गावांत कडाक्याच्या थंडीत दवसुद्धा गोठते. तिथे डिसेंबर-जानेवारीत पिल्ले आणायची तर वीज गेल्यावर काय करायचे ते आधीच ठरवावे. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून घेराच्या मध्ये ठेवल्या तर दोन-तीन तास निघतात. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याचा मोह टाळावा. धुराने पिल्लेही मरतात आणि त्या खोलीत झोपलेली माणसेही. सर्वांत चांगली सोय म्हणजे खुडूक बसलेली देशी कोंबडी. रात्रीच्या अंधारात तिच्या पोटाखाली चार-सहा दिवसांहून मोठी नसलेली पिल्ले हळूच सरकवली तर बरेचदा ती त्यांना आपली म्हणून घेते. सकाळी मात्र जवळ उभे राहून पाहावे, चोच मारत असेल तर पिल्ले लगेच काढून घ्यावीत.

पाण्याच्या ताटलीत गोटे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडत नाहीत. लांबून आणलेल्या पिल्लांना आधी गूळपाणी आणि दोन-तीन तासांनी बारीक भरडलेला मका द्यावा. पुढे पिल्लांचे खाद्य, ज्यात सुमारे २० टक्के प्रथिने असतात, ते सुरू करावे. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना कधीही घालू नये; त्यात चुन्याचे प्रमाण तिप्पट-चौपट असते आणि पिल्लांची मूत्रपिंडे त्याने बिघडतात.

लसीकरणाचा क्रम सोपा आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस डोळ्यात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस आणि राणीखेतचे इंजेक्शन. राणीखेत म्हणजे ज्याला गावात मानमोडी म्हणतात तोच रोग. तो एकदा पाड्यात शिरला की परसातले खुराडे आठवड्यात रिकामे होते. अडचण अशी की लसीच्या एका कुपीत शंभर किंवा त्याहून जास्त मात्रा असतात, आणि कालवलेली कुपी तास-दोन तासांत संपवावी लागते. पंचवीस पिल्लांसाठी एकट्याने कुपी फोडणे परवडत नाही. पाड्यातल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात पिल्ले आणली आणि एकाच सकाळी लस दिली तर खर्चही वाटला जातो आणि रोगाला शिरायला घरही उरत नाही. कुपी बर्फाच्या थर्मासमध्येच आणावी. उन्हात खिशातून आणलेल्या लसीचा काही उपयोग नाही.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून नर-मादी दिसू लागतात. बहुतेक जातींत नराचा तुरा आधी मोठा आणि लालसर होतो, चोचीखालच्या पाळ्या उठतात, पाय जाड दिसतात. मादीचा तुरा त्या वयात बारीक आणि फिकट पिवळसर राहतो. पण हीच खूण कडकनाथाला लावली तर फसगत होते. त्याचा तुरा काळपट-जांभळाच असतो, लाली शोधून मिळत नाही. असील जातीचा तुरा नरातही बुटका, दाणेदार, त्यामुळे कोवळ्या असील नराला मादी समजून विकल्याची उदाहरणे कमी नाहीत. तिथे थांबावे लागते ते पिसांसाठी.

तीन महिन्यांच्या सुमारास पक्षी हातात धरावा आणि कमरेवरची, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना उतरणारी पिसे बोटांनी वेगळी करून पाहावीत. मादीचे पीस टोकाला गोल असते, चमच्यासारखे. नराचे पीस अरुंद, लांब, टोकाला निमुळते आणि तेलकट चमकणारे. मानेवरही तेच. ही खूण रंगावर अवलंबून नाही, तुऱ्यावरही नाही, आणि जवळजवळ सर्व जातींना लागू पडते. आरवण्याची वाट पाहण्याची गरज राहत नाही. काही नर तिसऱ्या महिन्यातच घोगऱ्या आवाजात प्रयत्न सुरू करतात, काही पाचव्यापर्यंत गप्प असतात, म्हणून आवाज ही उशिराची आणि कच्ची खूण.

आता मूळ प्रश्न. कोंबडा ठेवावा का?

नुसती अंडी खायची असतील तर कोंबड्याची गरज नाही. कोंबडी कोंबड्यावाचून तितकीच अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. हे अनेक नवख्यांना खरे वाटत नाही, पण शहरात येणारी पोल्ट्रीची सर्व अंडी अशीच असतात. नंदुरबार किंवा शहाद्याच्या कॉलनीत भिंतीला भिंत लागून घर असेल, तर पहाटे साडेतीनला आरवणारा कोंबडा शेजाऱ्यांशी संबंध बिघडवतो. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की कोंबडा उजेड दिसला म्हणून नव्हे, तर शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेआधीच आरवतो. म्हणजे खुराड्यावर गोणपाट टाकून आवाज बंद होत नाही. अशा ठिकाणी सर्व नर वेळेत काढून टाकणे हाच सरळ मार्ग.

धडगाव-मोलगीकडचे चित्र वेगळे. घरे एकमेकांपासून लांब, शेतात विखुरलेली, कोंबड्या दिवसभर मोकळ्या. तिथे चांगला कोंबडा म्हणजे राखणदार. घार किंवा शिक्रा वर दिसला की तो एक प्रकारचा आवाज काढतो आणि कोंबड्या झुडपात शिरतात. मुंगूस, कुत्रा किंवा रानमांजर जमिनीवरून आले तर त्याचा आवाज निराळा असतो आणि कोंबड्या मान ताठ करून पाहतात. शिवाय मोलगीच्या एखाद्या आजीबाईंना पिल्ले विकत आणायची नसतात, घरच्याच कोंबडीखाली काढायची असतात. तिथे कोंबडा हवाच. पण किती?

या प्रश्नाला सरकारी योजनेतच चांगले उत्तर आहे. महाराष्ट्राच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात ५० टक्के अनुदानावर दोन तऱ्हेचे गट मिळतात: एक दिवसाच्या १०० मिश्र पिल्लांचा, किंवा आठ ते दहा आठवडे वयाच्या २५ माद्या आणि ३ नर असा तलंगा गट. पंचवीसला तीन, म्हणजे आठ-नऊ माद्यांमागे एक नर. परसात आठ ते दहा माद्यांमागे एक हे प्रमाण बरोबर बसते. पहिल्यांदाच पाळणाऱ्याने शक्य असेल तर हा तलंगा गटच घ्यावा. नर-मादी ओळखून झालेले असतात आणि उबेचे अवघड आठवडे दुसऱ्या कोणी पार पाडलेले असतात. चौकशी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे पुणे जिल्ह्यात खडकी, तसेच छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर येथे आहेत. जिल्ह्यात कोळदे येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

मिश्र पिल्ले आणलीच असतील तर आकडेमोड आधी करावी. पंचवीसपैकी बावीस जगली, त्यांत अकरा नर निघाले असे धरू. अकरा माद्यांना एक कोंबडा पुरतो, जपून म्हणून दुसरा. उरले नऊ. मोठा पक्षी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम दाणा खातो. मोकळे फिरून अर्धे पोट भरले असे मानले तरी नऊ कोंबडे महिन्याला पंधरा किलोच्या आसपास दाणा संपवतात आणि अंडे एकही देत नाहीत. म्हणून या नऊंचे काय करायचे ते पिल्ले आणण्याआधी ठरलेले असावे. घरात खायचे, विकायचे की देवाला द्यायचे. रानात सोडून देणे हा पर्याय नाही. पाळीव कोंबडा तिथे एक-दोन रात्रींत मारला जातो.

विकायचे असेल तर नंदुरबारसारखा जिल्हा नाही. इथे गावठी कोंबड्याला पोल्ट्रीच्या पांढऱ्या पक्ष्यापेक्षा नेहमीच वरचा भाव मिळतो, आणि सणावाराला तो आणखी चढतो. सातपुड्यात होळी हा वर्षातला सर्वांत मोठा सण. होळीआधीचे भोंगऱ्या बाजार गर्दीने फुलतात, काठी गावच्या राजवाडी होळीला दूरदूरची माणसे येतात, मुंबई-सुरतकडे किंवा गुजरातेत ऊसतोडीला गेलेली कुटुंबे घरी परततात. महाशिवरात्रीला याहामोगी मातेच्या देवमोगरा यात्रेतही कोंबड्याचा मान असतो. वाघदेवाच्या पूजेला नवापूर भागात कोंबडा लागतो. देवाला द्यायच्या कोंबड्याचा रंग पाहिला जातो, म्हणून विकायला नेताना गिऱ्हाईक विचारेल ते आधी समजून घ्यावे. होळीला साडेचार-पाच महिन्यांचा भरलेला, आरवणारा कोंबडा विकायचा तर पिल्ले दसरा-दिवाळीच्या सुमारास आणावी लागतात. जूनमध्ये आणलेल्या पिल्लांचे नर दिवाळीला तयार होतात. मार्च-एप्रिलच्या पिल्लांचे वनराजा नर श्रावण लागण्याआधी विकून टाकावेत. श्रावणात गिऱ्हाईक कमी आणि दाण्याचा खर्च तोच.

ठेवायचा कोंबडा निवडताना घाई करू नये, आणि सर्वांत देखणा तोच ठेवावा असेही नाही. तीन-चार नर पाच महिन्यांपर्यंत नजरेखाली ठेवावेत. किडा सापडला की स्वतः न खाता कुक्-कुक् करून माद्यांना बोलावणारा, घारीकडे लक्ष ठेवणारा, संध्याकाळी माद्या आत गेल्यावर शेवटी खुराड्यात शिरणारा नर ठेवण्याजोगा. माणसाच्या पायावर झडप घालणारा, लहान मुलांच्या मागे धावणारा कितीही वजनदार असला तरी पहिल्यांदा तोच विकावा. कोंबड्याच्या पायामागचा काटा वर्षभरात चांगला लांब आणि टोकदार होतो, आणि अंगणात बसलेल्या दोन वर्षांच्या मुलाचा डोळा नेमका त्याच्या उडीच्या उंचीवर असतो. मारून तो सुधारत नाही. मारणाऱ्याला तो प्रतिस्पर्धी समजतो आणि अधिक चवताळतो.

दोन कोंबडे एकत्र राहतात का? पिल्लांपासून बरोबर वाढलेले असतील आणि फिरायला मोकळी जागा असेल तर बहुधा राहतात. त्यांच्यात एक वरचा, एक खालचा असे ठरून जाते, आणि पहाटेही वरचा आधी आरवतो, खालचा त्याच्या मागून. बाहेरून आणलेला मोठा कोंबडा एकदम सोडला तर मात्र रक्त निघेपर्यंत झुंज होते. कोंबडे जास्त झाल्याची खूण माद्यांच्या पाठीवर दिसते: पंखांच्या मधली पिसे उडून उघडी, लालसर कातडी दिसू लागते, डोक्यामागची पिसे झडतात, काही माद्या दाण्यालाही खाली उतरत नाहीत. असे दिसले की त्याच दिवशी एक-दोन नर वेगळे करावेत. जखमेला हळद-तेल लावून ती मादी बरी होईपर्यंत बाजूला ठेवावी, कारण रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. जास्तीचे नर मादी नजरेस पडणार नाही अशा खुराड्यात एकत्र ठेवले तर ते बरेच शांत राहतात. करमणुकीसाठी त्यांना झुंजवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तसे करण्यासाठी कोंबडा मागायला येणाऱ्याला तो विकू नये.

खाद्याबाबत एक गोष्ट. माद्या अंड्यावर आल्या की घरात एकच पोते आणण्याची सोय पाहिली जाते, आणि अंड्यावरचे चुनायुक्त खाद्य कोंबडेही खातात. त्यापेक्षा सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या माद्या गरजेपुरता चुरा स्वतःच खातात.

या जिल्ह्यात कोंबड्या पाळायच्या आणि नवापूर विसरायचे, असे करता येत नाही. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापुरात झाली; १८ फेब्रुवारी २००६ रोजी ती जाहीर झाली, आणि त्यानंतरच्या दिवसांत पोल्ट्रींतले लाखो पक्षी मारून पुरावे लागले. आजूबाजूच्या घरांतल्या दोन-चार कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात तोच प्रसंग पुन्हा आला. परसात पंचवीस पक्षी पाळणाऱ्याने यातून काही सवयी लावून घ्याव्यात. पोल्ट्रीतून जुने अंड्यांचे ट्रे, पिंजरे, तूस फुकट मिळाला तरी आणू नये. बाजारातून परत आणलेला, न विकलेला कोंबडासुद्धा दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. रोग घरी येण्याची ती सर्वांत सोपी वाट आहे. एका दिवसात अनेक पक्षी अचानक मेले तर मेलेले नाल्यात फेकू नयेत, उरलेले घाईने विकू किंवा कापू नयेत, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याच दिवशी कळवावे.

शेवटी, घरचीच पिल्ले काढायची असतील त्यांच्यासाठी. वनराजा आणि ग्रामप्रिया हे संकर थेट पाळण्यासाठी बनवलेले आहेत. त्यांच्याच नर-मादीपासून पुढची पिढी काढली तर वजन आणि अंडी दोन्ही उतरतात, आणि पिल्ले एकसारखी निघत नाहीत. शिवाय या माद्या सहसा खुडूक बसत नाहीत. कडकनाथ नर देशी माद्यांत सोडला तर काळेपणा बऱ्याच पिल्लांत उतरतो, पण ती पिल्ले कडकनाथ म्हणून विकणे हे गिऱ्हाइकाला फसवणे होय. घरच्या वापरासाठी असा संकर वाईट नाही. देशी माद्यांवर देशीच नर ठेवायचा तर तो त्याच कोंबडीचा मुलगा किंवा भाऊ नसावा. दोन वर्षांतून एकदा दुसऱ्या पाड्याशी कोंबड्याची अदलाबदल करावी, अर्थात नव्याला आधी वेगळे ठेवून.

जुना कोंबडा काढून नवा सोडल्यावर लगेच अंडी बसवू नयेत. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते, म्हणून तीन आठवड्यांनंतरची अंडी जमवावीत. सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. निमुळते टोक खाली करून गार जागी, धान्याच्या टोपलीत ठेवावीत. एका देशी कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. आठव्या रात्री अंडे टॉर्चच्या उजेडासमोर धरले की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मध्ये एक काळा ठिपका दिसतो. ज्यात काही दिसत नाही, ती अंडी काढून घ्यावीत, म्हणजे उरलेल्यांना कोंबडीची ऊब नीट पोचते. पिल्ले एकविसाव्या दिवशी बाहेर येतात.